रडर पेडल घेण्याआधी खुर्ची आणि फरशी बघ

नांदेडहून आलेला प्रश्न असा: "काका, बारावी झाली, सध्या डीजीसीएचे (वैमानिकाच्या परवान्याचे) पेपर देतोय. सहा-सात महिन्यांत गोंदियाला फ्लाइंग सुरू होईल, तिथे डायमंड डीए-४० विमानं आहेत. घरी मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर आहे आणि मनगटाने पिळायची जॉयस्टिक आहे. रडर पेडल घ्यावं का? बजेट वीस हजारांच्या आसपास. बाबा म्हणतात, जॉयस्टिकमध्ये रडर आहेच, मग पायाला वेगळा खर्च कशाला? मित्र म्हणतात, हॉल सेन्सरवालंच घे, नाहीतर घेऊ नकोस. आणि मी अधूनमधून हेलिकॉप्टरही उडवतो."

रडर म्हणजे विमानाच्या शेपटीवरचं उभं पातं, ते नाक डावी-उजवीकडे वळवतं आणि खऱ्या विमानात पायांनी चालतं. आधी बाबांचं बोलू, कारण त्यांचा मुद्दा चुकीचा नाही. तू फक्त एअरबस ए-३२० घेऊन मुंबई-दिल्ली करणार असतास तर मीही म्हटलं असतं, पैसे वाचव. त्या विमानात हवेत असताना वळणातला रडर संगणकच सांभाळतो. वैमानिकाचे पाय लागतात ते टेकऑफच्या धावेत, उतरल्यावर धावपट्टीच्या मधोमध राहायला, आणि एखादं इंजिन बंद पडलं तर. एवढं काम ट्विस्टची, म्हणजे मनगटाने पिळायची, जॉयस्टिक भागवते. माझ्याकडे सिम्युलेटर जोडून घ्यायला येणाऱ्यांपैकी निम्म्या लोकांना मी पेडलऐवजी चांगली खुर्ची घ्या म्हणून परत पाठवतो.

तुझं तसं नाही, आणि त्याचं कारण डीए-४० चं पुढचं चाक आहे.

सेस्ना १७२ या दुसऱ्या शिकाऊ विमानात पेडल दाबलं की स्प्रिंगच्या जोडणीतून पुढचं चाकही साधारण दहा अंशांपर्यंत वळतं. त्याहून जास्त वळायचं असेल तरच एका बाजूचा ब्रेक मारायचा. डीए-४० चं पुढचं चाक पेडलला जोडलेलंच नसतं. भाजीबाजारातल्या ट्रॉलीच्या चाकासारखं ते मोकळं फिरतं. जमिनीवर हळू चालताना रडरवरून पुरेसा वारा जात नाही, म्हणून रडर जवळपास मेलेला असतो. मग वळायचं कसं? उजवीकडे जायचं तर उजव्या पायाच्या चवड्याने उजवा ब्रेक किंचित टेकवायचा, सोडायचा, पुन्हा टेकवायचा. टेकऑफच्या धावेची सुरुवातही अशीच होते. वेग वाढला की रडर जिवंत होतो आणि मग ब्रेकवरून पाय काढायचा. हे काम मनगटाने होत नाही. जॉयस्टिकच्या बटणावर ब्रेक लावलास तर दोन्ही चाकं एकदम धरली जातात. म्हणजे तुझ्या बाबतीत टो-ब्रेक (चवड्याने दाबायचे, दोन्ही बाजूंचे वेगवेगळे ब्रेक) असलेलं पेडल ही चैन नाही, विमानाचं स्टिअरिंगच तिथे आहे.

याचा एक परिणाम लगेच सांगून टाकतो. व्हीकेबी कंपनीचं टी-रडर हे पेडल मला स्वतःला फार आवडतं. आटोपशीर आहे, टाच टेकवून तासन्तास वापरता येतं, सेन्सर उत्तम आहे. पण त्याला टो-ब्रेक नाहीत. लढाऊ विमानं उडवणाऱ्याला मी डोळे मिटून तेच सुचवतो. तुला नाही.

ट्विस्टबद्दल अजून एक गोष्ट, जी लोकांना उशिरा कळते. उतरताना शेवटच्या काही फुटांवर तू स्टिक मागे ओढतोस, तेव्हा मनगट नकळत थोडं पिळलं जातं. रडर मागितलेला नसतो, पण मिळतो. त्यातून आडवा वारा असेल तर गोंधळ पुरता होतो. जुहूची धावपट्टी २६ धर, म्हणजे तिची दिशा साधारण २६० अंश. पावसाळ्यात वारा नैऋत्येकडून, समज २२० अंशांवरून २० नॉटचा आहे. धावपट्टीशी त्याचा कोन ४० अंशांचा, म्हणजे आडवा हिस्सा साधारण १३ नॉट. सेस्ना १७२ च्या पुस्तकात आडव्या वाऱ्याचा जो आकडा करून दाखवलेला आहे तो १५ नॉट, म्हणजे तू त्याच्या अगदी जवळ आलास. आता डावीकडून येणाऱ्या वाऱ्याकडे डावा पंख थोडा झुकवायचा आणि नाक धावपट्टीच्या रेषेत आणायला उजवा रडर द्यायचा. हात डावीकडे, पाय उजवीकडे, आणि दोन्ही सतत बदलत. हे दोन उलटे हुकूम एकाच मनगटाला दिलेस तर ते दोन्ही अर्धवट पाळतं. पाय वेगळे झाले की पहिल्याच आठवड्यात फरक दिसतो. मी हे हडपसरच्या ग्लायडिंग सेंटरवर शिकलो. ग्लायडरच्या काचेवर बाहेरून लोकरीचा एक धागा चिकटवलेला असतो. धागा सरळ उडत असेल तर पाय बरोबर, तिरका झाला तर चूक. लांब पंखांचं विमान, नुसता हात वळवला की नाक उलटीकडे पळतं. त्या धाग्याने मला जेवढं शिकवलं तेवढं कुठल्याही महागड्या उपकरणाने शिकवलं नाही.

आता खुर्ची आणि फरशी. बहुतेक लोक इथे चुकतात, आणि चुकल्यावर शिव्या पेडलला देतात.

माझं पहिलं पेडल (कंपनीचं नाव नको) मी हौसेने आणलं आणि व्हिट्रिफाइड टाइल्सवर ठेवलं. खाली चार इवलेसे रबरी पाय. टेकऑफला उजवा पाय दाबला तसं पेडल टेबलाखाली भिंतीकडे सरकलं, आणि चाकांची ऑफिस खुर्ची मला घेऊन मागे सरकली. दर टेकऑफला मी टेबलापासून वीतभर लांब जायचो. दोन आठवडे मी समजत होतो की स्प्रिंग फार कडक आहे. स्प्रिंगचा काही दोष नव्हता. पायाने पुढे लोटलं की शरीर तेवढ्याच जोराने मागे जातं, आणि त्या जोराला अडवायला माझ्या खोलीत काहीच नव्हतं.

यावरचा इलाज स्वस्त आहे. सुताराकडून १९ मिलिमीटर प्लायवूडची एक फळी कापून घे, पेडलपासून खुर्चीच्या मागच्या चाकापर्यंत पुरेल एवढी लांब. पेडल फळीला नटबोल्टने बसव. बहुतेक पेडलच्या तळाला त्यासाठी भोकं दिलेली असतात, आणि घेण्याआधी ती आहेत ना हे फोटोत तपासायचं. खुर्चीची चाकं ज्या जागी येतात तिथे फळीत वाटीएवढे गोल खड्डे पाडून घे, म्हणजे चाकं त्यात बसतील. आता तू फळीवर बसला आहेस आणि पेडलही त्याच फळीवर आहे. तू लोटलेला जोर फळीतच जिरतो, फरशी कितीही गुळगुळीत असू दे. खोली लहान असेल आणि रोज उचलून ठेवायचं असेल तर फळी मधोमध कापून बिजागरी लाव. तेही नको असेल तर सामान बांधायचा नायलॉनचा पट्टा घे, एक टोक पेडलला आणि दुसरं खुर्चीच्या मधल्या खांबाला. दिसायला गबाळं आहे, पण काम चोख करतं. नुसती रबर मॅट अंथरून मात्र भागत नाही. हलक्या पेडलला ती पुरते, जरा कडक स्प्रिंग असली की मॅटसकट सगळं सरकतं.

चार पायांची साधी लाकडी खुर्ची चालेल का, असं विचारशील. चालेल, उलट चाकांच्या खुर्चीपेक्षा बरीच. फक्त उंची बघ. डीए-४० मध्ये बसायची जागा खाली असते आणि पाय पुढे पसरलेले असतात. त्या विमानात सीट सरकत नाही, पेडलच पुढेमागे करून आपल्या पायाच्या मापाला आणायचं असतं. घरी आपण उंच खुर्चीवर गुडघे काटकोनात वाकवून बसतो. तसं बसलं की पाय पुढे लोटण्याऐवजी खाली दाबला जातो, पोटऱ्या भरून येतात आणि टो-ब्रेक चुकून लागतो. खुर्ची शक्य तेवढी खाली घे आणि पेडल लांब सरकव. मोजमाप सोपं आहे: एक पेडल शेवटपर्यंत दाबल्यावर त्या पायाचा गुडघा किंचित वाकलेला राहिला पाहिजे. पूर्ण ताठ झाला तर पेडल लांब आहे, पोटाशी आला तर जवळ. टेबलाखालची आडवी पट्टी गुडघ्याला लागते का तेही आत्ताच बसून बघ. नांदेडच्या उन्हाळ्यात तू अनवाणीच बसशील, ठीक आहे, पण आठवड्यातून दोनदा तरी बूट घालून उडव. गोंदियाला अनवाणी उडवता येणार नाही, आणि बुटाच्या तळव्यातून ब्रेकचा अंदाज वेगळाच लागतो.

एवढं झाल्यावर दुकानाकडे वळू.

पेडलच्या चालीचे ढोबळ प्रकार तीन. रुळावर पुढेमागे सरकणारं, मधल्या खुंट्याभोवती फिरणाऱ्या आडव्या दांडीवर बसवलेलं, आणि वरून झोपाळ्यासारखं लटकणारं. तिन्ही चालतात. सरकणाऱ्यात धूळ आणि केस जाऊन रूळ खरखरतो, तो पुसत राहावा लागतो. झोपाळ्याच्या चालीला घर्षण सर्वांत कमी. थ्रस्टमास्टरचं टीपीआर हे त्याचं उदाहरण. सुमारे सात किलोचं धूड आहे, चाल लोण्यासारखी, किंमत तुझ्या बजेटच्या फार पुढे. क्रोएशियातलं एमएफजी क्रॉसविंड दांडीच्या प्रकारातलं. त्यात स्प्रिंगसोबत वेगवेगळ्या आकाराचे कॅम बदलून पायाला लागणारा जोर आपल्या मनासारखा करता येतो. ज्यांनी ते घेतलं ते सहसा पुन्हा दुसरं घेत नाहीत. पण परदेशातून पेडल मागवताना वस्तूच्या किमतीवर वाहतूक आणि कस्टम्स चढतं, आणि लोखंड वजनाने येतं हे विसरू नकोस.

चालीपेक्षा मी रुंदीला जास्त मार्क देतो. दोन पावलांमध्ये किती अंतर आहे? थ्रस्टमास्टरचं टीएफआरपी आणि सीएच प्रॉडक्ट्सचं जुनं प्रो पेडल्स या दोन्हींत पावलं जवळजवळ चिकटून राहतात. अर्ध्या तासाला काही वाटत नाही, दोन तासांनी मांड्या दुखायला लागतात, आणि मुलगा उंच असेल तर गुडघे एकमेकांवर आपटतात. शिवाय डीए-४० मध्ये योक (गाडीच्या स्टिअरिंगसारखं हँडल) नाही, दोन पायांच्या मध्ये स्टिक आहे. उद्या जॉयस्टिक टेबलावरून काढून खुर्चीपुढे मधोमध बसवावीशी वाटली तर जुळलेले पाय आडवे येतील. लॉजिटेकचं पेडल या बाबतीत बरं आहे, मध्ये मोठा डबा असल्याने पावलं खऱ्या विमानासारखी लांब राहतात. पूर्वी हेच सायटेक नावाने मिळायचं, २०१६ मध्ये लॉजिटेकने सायटेक घेतलं. जुन्या सायटेकच्या जाहिराती दिसल्या तर घाबरू नकोस, कुळ एकच आहे.

आता मित्रांचा हॉल सेन्सर. पेडलची जागा संगणकाला कळवण्याचे मुख्य मार्ग दोन. स्वस्तात पोटेन्शिओमीटर, म्हणजे रेडिओच्या आवाजाच्या बटणामागे असतो तोच भाग. त्यात एक धातूची जीभ कार्बनच्या पट्टीवर घासत फिरते. घासतं ते झिजतं. बराच वापर झाला की मध्यावरची पट्टी आधी झिजते, कारण पाय तिथेच सर्वांत जास्त असतो, आणि मग स्थिर पायावरही रडरचा आकडा थरथरायला लागतो. दुसरा मार्ग हॉलचा. एडविन हॉल या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८७९ मध्ये दाखवलं की चुंबकीय क्षेत्रातून वीज जाताना तिला आडवा दाब निर्माण होतो. पेडलवर चुंबक आणि समोर हा सेन्सर ठेवला की दोघांचा स्पर्शच होत नाही, म्हणून झीजही नाही. हे खरं आहे आणि चांगलं आहे. कोकणात, गोव्यात राहणाऱ्याला तर मी आग्रहच करतो, कारण तिथल्या पावसाळी दमट हवेत पोटेन्शिओमीटर लवकर कुरकुरायला लागतो.

पण "नाहीतर घेऊच नकोस" हे मला पटत नाही. मित्र तुला बिटांचे आकडे सांगतील. दहा बिटांचा सेन्सर म्हणजे १,०२४ पायऱ्या, बारा बिटांचा ४,०९६, सोळा बिटांचा ६५,५३६. पेडल टोकापासून टोकापर्यंत दहा सेंटिमीटर जातं असं धर. दहा बिटांतही एक पायरी मिलिमीटरच्या एक दशांशाएवढी येते. बुटातल्या पायाला तेवढं कळत नाही. तुला त्रास देईल तो आकडा थरथरणं, मध्याजवळ रुतून बसणं आणि ढिला खुंटा. हे तिन्ही दोष महागड्या सेन्सरवरही असू शकतात, जर यांत्रिक भाग भिकार असेल तर. मी लोखंडी बेअरिंगचं पोटेन्शिओमीटरवालं पेडल प्लास्टिकच्या हॉलवाल्यापेक्षा आधी उचलीन. पोटेन्शिओमीटर थरथरला तर उघडून काँटॅक्ट क्लीनरचा फवारा मारला की बहुतेक वेळा तो पुन्हा शहाण्यासारखा वागतो. कुलूप-बिजागरीला मारायचं तेल मारू नकोस, धूळ धरून बसतं. आणि हॉलवाल्याचंही एक पथ्य आहे: टेबलाखालचा वूफर पेडलला चिकटवून ठेवू नकोस. त्यातही चुंबकच असतो.

मध्याजवळ रुतून बसणं म्हणजे काय ते नीट समजून घे, कारण दुकानात दोन मिनिटांत तपासता येतं. पुष्कळ स्वस्त पेडलं मध्यावर घट्ट बसतात. हलवायला आधी झटका द्यावा लागतो आणि एकदा सुटलं की हवं त्यापेक्षा जास्त जातं. उतरताना लागतात त्या अगदी बारीक, टिचकीएवढ्या हालचाली. तिथे हा झटका फार नडतो. दोन्ही पाय ठेव, डोळे मीट आणि मध्याच्या आजूबाजूला अर्धा सेंटिमीटर हळूहळू डावं-उजवं करून बघ. खाचेत पडल्यासारखं वाटलं तर स्प्रिंगचा ताण कमी करायचा स्क्रू आहे का ते विचार.

हेलिकॉप्टरचं गणित याच्या उलट. तिथे पेडलला मध्य असा नसतोच. शेपटीच्या पंख्याचा जोर सतत धरून ठेवावा लागतो, म्हणजे पाय कायम एका बाजूला दाबलेला. अमेरिकन हेलिकॉप्टरं, उदाहरणार्थ रॉबिन्सन आर-४४ किंवा बेल २०६, यांचा रोटर (डोक्यावरचा मोठा पंखा) वरून पाहिलं तर घड्याळाच्या उलट फिरतो. शक्ती वाढवली की डावं पेडल लागतं. फ्रेंच वंशाच्या हेलिकॉप्टरांत, ज्यांत आपल्या सैन्यदलांची चेतक आणि चीताही आली, रोटर उलट्या दिशेला फिरतो आणि उजवा पाय लागतो. मध्यावर ओढणारी स्प्रिंग असलेल्या पेडलवर दहा मिनिटं हॉवर केलंस, म्हणजे हवेत एका जागी थांबलास, की मांडीला कळ लागेल. हौशी लोक स्प्रिंग काढून डँपर (हालचाल संथ करणारा भाग) बसवतात. तू अधूनमधून उडवणारा आहेस, स्प्रिंगचा ताण सर्वांत कमी करून भागव. यासाठी वेगळा पैसा घालू नकोस.

तर माझा कौल. वीस हजारांच्या आसपास आपल्याकडे सहज मिळणारी, टो-ब्रेक असलेली नावं म्हणजे टीएफआरपी आणि लॉजिटेक. यांतलं लॉजिटेक घे. टीएफआरपी मी दोघांनाच सुचवतो: ज्याची जागा फारच कमी आहे त्याला, आणि जो एक्सबॉक्सवर त्याच कंपनीच्या हॉटास वन जॉयस्टिकला पेडल जोडू पाहतोय त्याला. बजेट दुप्पट-तिप्पट झालं तर माझं मत बदलेल, पण सहा महिन्यांनी तू घरी नसणार. खरं विमान उडवायला लागल्यावर सुट्टीत घरी येऊन दोन वर्षांत हे पेडल किती वापरशील? तेवढ्यासाठी क्रॉसविंड घेणं म्हणजे घोड्याआधी नालाचा खर्च.

सेकंडहँड मिळालं तर अवश्य घे, फक्त विकणाऱ्याच्या घरी जाऊन लॅपटॉपला लावून बघ. विंडोजमध्ये यूएसबी गेम कंट्रोलरची खिडकी उघड. पाय न लावता एक मिनिट रेघेकडे बघत राहा, ती स्थिर आहे का. मग अगदी हळू एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत ने. रेघ उडी मारत गेली तर पट्टी झिजली आहे. टो-ब्रेक दोन्ही वेगवेगळे तपास, आणि रडर टोकाला दाबलेला असतानाही तपास, कारण काही पेडलांत त्या अवस्थेत केबल ताणली जाऊन ब्रेक आपोआप लागतो.

स्वतः बनवण्याचा किडा चावला असेल तर तेही अशक्य नाही. मी एक जोडी ड्रॉवरच्या चॅनेलवर बनवली होती, पुण्यात तपकीर गल्लीतून आणलेल्या पोटेन्शिओमीटरवर आणि आर्डुइनोच्या धर्तीच्या प्रो मायक्रो या छोट्या सर्किट बोर्डवर. तो बोर्ड संगणकाला स्वतःला जॉयस्टिक म्हणून सांगू शकतो, एवढंच त्याचं कौतुक. रडर छान झाला. टो-ब्रेकच्या बिजागऱ्यांनी मात्र तीन रविवार खाल्ले आणि शेवटी एक ब्रेक तिरकाच राहिला. तुझे पेपर चालू आहेत, या फंदात पडू नकोस.

पेडल घरी आलं की पहिल्या संध्याकाळी हमखास तीन गोष्टी होतात. पहिली, विमान जागचं हलत नाही. बिघाड नसतो, ब्रेकचा अक्ष उलटा धरलेला असतो, म्हणजे पाय उचलला की ब्रेक पूर्ण आणि दाबला की मोकळा. कंट्रोल्समध्ये जाऊन दोन्ही ब्रेकचे अक्ष उलटे कर. दुसरी, रडर स्वतःहून झटके देतो. जॉयस्टिकच्या ट्विस्टलाही रडर नेमलेला असतो आणि दोघे भांडत असतात. ट्विस्टची नेमणूक काढून टाक. तिसरी, तू पाय वापरतोयस आणि काही फरकच पडत नाही, कारण सहाय्याच्या पर्यायांत ऑटो-रडर चालू आहे. तो बंद कर. मग संवेदनशीलतेच्या आलेखात मध्याजवळचा उतार थोडा सौम्य कर, पण डेड झोन (पाय हलला तरी रडर हलत नाही तो मधला पट्टा) जेमतेम एक-दोन टक्के ठेव. लोक थरथर लपवायला डेड झोन वाढवतात आणि मग मध्यावर पाय हलवूनही विमान ऐकत नाही.

हे पेडल तुला पायाचा वेळ शिकवेल, जोर नाही. कधी, किती लवकर, कोणता पाय, एवढं घरी बसतं. खऱ्या पेडलचा जड-हलकेपणा वेगाबरोबर बदलतो, घरच्या स्प्रिंगचा बदलत नाही. पुढे दोन इंजिनांच्या डीए-४२ वर जाशील तेव्हा एक इंजिन बंद करून दाखवतील. ज्या पायावर जोर नाही त्या बाजूचं इंजिन गेलं, हे घरी पाठ करून जाता येतं. तो जोर किती असतो हे मात्र तिथेच मांडीला कळेल. आणि घरचा एकही तास लॉगबुकात चढत नाही, हे बाबांना आधीच सांगून टाक. नंतर कळलं तर जास्त चिडतील.

सराव काय करायचा तेही सांगतो, नाहीतर नव्या पेडलवर सगळे थेट मुंबई-गोवा उडवायला बसतात आणि एकदा टेकऑफ केल्यावर तासभर पाय रिकामे. पहिला आठवडा डीए-४० फक्त जमिनीवर चालव. टॅक्सीवेच्या पिवळ्या रेघेवरून, नुसत्या ब्रेकच्या टेकण्यांनी. ब्रेक दाबून धरायचा नाही, सतत घासत राहिला तर खऱ्या विमानात तापतो. दुसऱ्या आठवड्यात टेकऑफ. थ्रॉटल पुढे जाताना उजवा पाय त्याच्याबरोबरच गेला पाहिजे, नाक डावीकडे पळाल्यावर नव्हे. पंखा ज्या दिशेला फिरतो त्यामुळे नाक डावीकडेच जाणार, हे आधीच माहीत आहे, मग वाट कशाची बघायची? त्यानंतर क्षितिजावरचा एक डोंगर धर, नाक त्याच्यावर रोखून विमान तीस अंश डावीकडे, मग तीस अंश उजवीकडे कलतं कर, नाक न हलवता. हे जमायला वेळ लागतो. पॅनेलवरच्या बॉलकडे (विमान बाजूला घसरतंय का ते दाखवणाऱ्या गोळीकडे) डोळे लावून बसू नकोस, एक नजर टाक आणि पुन्हा बाहेर बघ. सिम्युलेटरवर शिकून आलेली मुलं पॅनेलमध्येच अडकलेली असतात, हे शिकवणाऱ्यांना पाठ झालंय. कोणी पहिल्याच दिवशी कागदाने पॅनेल झाकलं तर आश्चर्य वाटू देऊ नकोस.

शेवटी आडवा वारा. पाच नॉटपासून सुरू कर. धावपट्टीवर दहा फुटांवरून, न टेकता, मधल्या रेघेवरून पूर्ण लांबी उडत जा आणि पुन्हा वर ये. दहा वेळा असं झाल्यावरच एकदा उतर. उतरताना टाचा फरशीला टेकलेल्या असू देत आणि चवडा पेडलच्या खालच्या भागावर. वरच्या भागावर पाय राहिला तर ब्रेक धरलेल्या चाकांवर विमान टेकेल, आणि खऱ्या धावपट्टीवर तिथेच टायर जातो. स्वतःला हे दिसत नाही, कारण त्या क्षणी तू समोर बघत असतोस. फोन टेबलाच्या पायाला टेकवून ठेव आणि दहा लँडिंगमध्ये तुझ्या पायांचा व्हिडिओ काढ. माझ्याकडे येणाऱ्या मुलांपैकी बहुतेकांना तो बघेपर्यंत खरंच वाटत नाही की त्यांचा उजवा चवडा दर वेळी वर सरकलेला असतो.